उपाशी पाहुणा

बसून घ्या सगळे. दारात उभे आहेत त्यांनीही आत या, चटया आहेत अजून. डोळखांबच्या वरच्या पाड्यांवरून पहाटे निघालेली माणसं आहेत, त्यांना भिंतीला टेकायला जागा द्या.

सरपंच, सापगावातले वडीलधारे, मुरबाडकडून टेम्पो करून आलेली मंडळी, भावजींच्या मुंबईच्या प्रयोगशाळेतली माणसं, आणि माझ्या सासूबाई. मला बोलता येत नाही. म्हणजे एरवी येतं, ते तुम्हाला माहीतच आहे. शहापूरच्या बाजारात माझी रक्ततपासणीची लॅब आहे आणि तिथून कुणी माझं बोलणं ऐकल्याशिवाय परत जात नाही. पण आज हा माईक हातात घेतला आणि कुठून सुरू करू तेच कळेना. डोकंही ठणकतंय. तुम्हाला वाटेल, रडून रडून ठणकत असेल. तसं नाही. ते का, ते मी शेवटी सांगते.

वसंत माझे धाकटे दीर. तुमचे वसंतसर. पाड्यांवरच्या लोकांचे डाक्तर. त्या दिवशी वाशिंदच्या घरी सकाळी अंघोळीला पाणी काढलं, छातीत कळ आली, आणि कुणाला हाक मारायच्या आत गेले. तेरावं होऊन गेलं. तरी घरी माणसांचा राबता थांबत नाही, म्हणून आज ही सभा ठेवली.

मघापासून सगळे बोलले. कुणी देवमाणूस म्हणालं, कुणी ऋषी म्हणालं, एक जण तर संत म्हणाले. मी त्यांची वहिनी आहे. वहिनीने असलं काही म्हणायचं नसतं, वहिनीने खरं सांगायचं असतं. तर खरं असं आहे की मला या माणसाचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला म्हणू? वाटतो. आत्ता, इथे उभी आहे तरी वाटतो. या फोटोवर चढलेले हार बघून वाटतो. हसू आलं तर हसा. त्यांना आवडलं असतं.

सासूबाई, तुमच्यादेखत बोलते, रागावू नका. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे.

आमचे सासरे स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. तेव्हा सापगावात स्वादुपिंड हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पाठ दुखते म्हणायचे, आम्ही तेल चोळलं. भूक लागत नाही म्हणायचे, आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. डोळे पिवळे झाले तेव्हा काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं. या सगळ्यात घरात कोण होतं? मी होते. रक्त मी काढलं, चादरी मी धुतल्या, पेज मी भरवली. भावजी मुंबईत शिकत होते. अगदी शेवटी आले, वडिलांचा हात धरून बसले. आणि सासरे मला काय म्हणाले? "वसंता आला गो. आता बरा वाटतं."

रोग मी बघितला आणि विषय त्यांना मिळाला. इथून सुरुवात झाली बघा.

कारण पुढे त्यांनी त्याच रोगात सगळं आयुष्य घातलं. लोक मला विचारायचे, वसंतसर मुंबईत नक्की करतात तरी काय? मी सांगायची, त्यांनाच विचारा. मग ते आमच्या ओट्यावर बसून समजावायचे आणि मी भाजी निवडता निवडता ऐकायची. बाहेर ते पुस्तकी बोलायचे, माझ्याशी मात्र गावचंच.

"वयनी," म्हणायचे, "स्वादुपिंड पोटाच्या मागं दडलेला असतो. हाताला लागत नाय, लवकर दुखत नाय. गाठ दिसते तोपर्यंत उशीर झालेला असतो. पण गाठ व्हायच्या कितीतरी आधी तिथल्या पेशी बिघडायला लागतात. तो अजून कॅन्सर नसतो. तिथंच माणूस गाठला तर वाचवता येईल."

आणि गाठायचा कसा? तर स्वादुपिंड अन्न पचवणारे एन्झाइम बनवतं. ते आतड्यात पोचले की कामाला लागतात, तोवर निजलेले असतात. पेशी बिघडायला लागल्या की त्यांतले काही नको तिथे जागे होतात, काही रक्तात उतरतात. अगदी थोडे. ते थोडेसे ओळखायचे, हे त्यांचं काम. एकट्यादुकट्या एन्झाइमवर ते विश्वास ठेवत नसत. साधी सूज आली तरी वाढतो म्हणायचे. "गावातल्या बातमीसारखा आहे, वयनी. एकाने सांगितला तर सोडून द्यायचा. चार जण चार वाटांनी येऊन तेच सांगायला लागले, की मग उठून बघायला जायचा." आणि दर वेळी शेवटी हे ठरलेलं असायचं: हा अजून शोध आहे, तपासणी नाही, यातून संशय घेता येतो, निदान करता येत नाही. ऐकणाऱ्याला हे नको असायचं, पण ते सांगितल्याशिवाय ओट्यावरून उठायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "माझ्या लॅबमध्ये कधी येणार हे?" म्हणाले, "येईल. पण माझ्या घाईनं नाय येणार." मला वाटलं, टाळतायत. मला तेव्हा सगळंच तसं वाटायचं.

मग त्यांनी आपल्याकडची घरं शोधली. शहापूर आणि मुरबाडच्या गावांत, पाड्यांवर, ज्या घरात हा रोग होऊन गेला त्या घरच्या माणसांचं रक्त दर रविवारी गोळा करायचं. रक्त काढायला शिकले कुठे? माझ्या लॅबमध्ये. कुणाच्या हातावर? माझ्याच हातावर! आणि मंडळी, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण रक्त काढण्यात हा माणूस शेवटपर्यंत कच्चा राहिला. मी एका टोच्यात शीर धरते. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा हात माझ्या हातातून गेलेला आहे, कुणी म्हणावं दुखलं म्हणून. भावजी एकदा टोचायचे, परत टोचायचे, "माफ करा हां" म्हणून पुन्हा टोचायचे. हात निळा व्हायचा. आणि लोक? लोक तो निळा हात गावभर दाखवत फिरायचे! "डाक्तरानं स्वतः काढला!" मी शेजारी सुई घेऊन उभी आहे, मोकळी, आणि माझ्यासमोरून माणूस पुढे जातो आणि हात त्यांच्यापुढे करतो. तुम्ही सांगा, काय वाटेल?

पोटात दुखायचं माझ्या. ते ओळखायचे. परतीच्या वाटेवर हळूच म्हणायचे, "वयनी, पोटात दुखतंय का? स्वादुपिंड तपासून घ्या."

आता एका चुकीचं सांगते. मुंबईच्या मंडळींना हे माहीत आहे, तुम्हाला नसेल.

पहिल्या वर्षीची रक्तं मुंबईला गेली आणि तिथे धावपळ उडाली. पाड्यांवरच्या घराघरांत एन्झाइमचं चित्र हललेलं दिसत होतं. एका घरात दिसलं तर आपण समजू शकतो, पण सगळ्याच घरांत? भावजींना झोप लागेना. एवढ्या माणसांना हा रोग होणार की काय, या भीतीने ते वाळले. मला येऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, "भावजी, ही माणसं उपाशी होती का?" म्हणाले, "आदल्या दिवशी निरोप दिलेला, उपाशी राहा म्हणून." मी म्हटलं, "निरोप दिलात खरा. पण सकाळी तुम्ही गेल्यावर त्यांनी काय केलं?"

काय केलं असेल? तुम्हीच आठवा, तुमच्याच घरात घडलंय. पाहुणा दारात आला. चूल पेटली. कोरा चहा झाला, नाचणीची भाकरी झाली, वर लसणीची चटणी. पाहुण्याला एकट्याला कसं खाऊ घालायचं? बरं दिसतं का ते? घरचा माणूस ताटाला ताट लावून बसला. भावजींनाही नाही म्हणवेना, शेवटी सापगावचेच ते. दोघांनी पोटभर खाल्लं, हात धुतले, आणि मग रक्त काढलं! खाल्ल्यावर स्वादुपिंड कामाला लागतं आणि रक्तातलं चित्र बदलतं. वर्षभराचं काम भाकरीने खाल्लं.

ही चूक मी पकडली. हे लक्षात ठेवा. मी पकडली.

पण तोड कुणी काढली? त्यांनीच. मी म्हटलं, लोकांना दम द्या, खाल्लेलं असेल तर रक्त घेणार नाही म्हणून सांगा. ते हसले. म्हणाले, "आपली माणसं दमाला नाय ऐकायची, वयनी. पण पाहुणा उपाशी असला तर घरचा माणूस जेवतो का?" आणि पुढच्या रविवारपासून ते स्वतः उपाशी निघायला लागले. घरात शिरल्या शिरल्या सांगायचे, "मी रातपासून उपाशी आहे, आणि शेवटच्या घराचं रक्त होईपर्यंत उपाशीच राहणार." झालं! सगळ्या पाड्यावर चुली थंड. डाक्तर उपाशी आहे आणि आपण कसे खाणार? ऊन वर चढायचं, माणसं ओट्यावर बसून राहायची, कुणी विडीसुद्धा पेटवायचं नाही. जे मला निरोपाने, पत्रकाने, आरडाओरड्याने जमलं नसतं, ते त्यांनी नुसतं उपाशी राहून केलं.

शेवटच्या घरी मग ते जेवायचे. त्यावरून पाड्यावर भांडणं! प्रत्येकाला शेवटचं घर व्हायचं असायचं. एक म्हातारी तर शेतात जाऊन लपली होती, आपलं रक्त शेवटी घ्यावं लागेल म्हणून. तिथे कोंबडं कापलेलं असायचं, तांदळाची भाकरी असायची, आणि ते असे जेवायचे की बघणाऱ्याला भूक लागावी.

आणि मी? मला पित्त आहे. उपाशी राहिले की डोकं धरतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी पिशवीत बिस्किटाचा पुडा ठेवायची आणि मोहाच्या झाडाआड जाऊन दोन बिस्किटं खायची. मला वाटायचं, कुणी बघत नाही. पाड्यावर कुणी बघत नाही असं कधी होतं का? पोरांनी बघितलं, पोरांनी आयांना सांगितलं. तेव्हापासून माझं नाव पडलं, बिस्किटवाली. माझ्या हाताला जी काय थोडी गिऱ्हाइकं होती, तीही गेली.

रागावायचं कुणावर? त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही. मुंबईत मोठमोठ्या डॉक्टरांपुढे त्यांचं भाषण होतं, आम्हा नवराबायकोला त्यांनी हट्टाने नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. आणि भाषणात सांगितलं, "या कामातली सगळ्यात मोठी चूक माझ्या वहिनींनी पकडली, त्या शहापूरला लॅब चालवतात." सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघायला लागलं. माझ्या मिस्टरांना रडू आलं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हेही श्रेय तुम्हीच वाटणार! चांगुलपणातसुद्धा माझ्या पुढे! अशा माणसाचा हेवा करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं आहे. आपलंच फुटतं.

मरणसुद्धा बघा ना. आजारपण नाही, पडून राहणं नाही, कुणाला उशाशी बसावं लागलं नाही. मी मनात म्हटलं, हेही यांना सोपं मिळालं. आणि मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. माझं दर रविवारी भांडायचं माणूस गेलं हो. आता पोटात दुखलं तर कुणाला सांगू?

आता जे बोलायला मी उभी राहिले ते बोलते.

सोनीबाई, तू त्या खांबाजवळ बसली आहेस. मान खाली घालू नको. ही सोनीबाई, मंडळी, डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची. हिचे वडील या रोगाने गेले, मग भाऊ गेला, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी इथे आल्यावर तिला विचारून घेतलंय, म्हणून तेवढं बोलते. तिच्या पहिल्या रक्तात काय दिसलं ते मी इथे सांगणार नाही. ते भावजींनी तिला तिच्या ओट्यावर बसून सांगितलंय, आणि दुसऱ्यांदा रक्त का घ्यायचं, त्यानंतर गरज पडली तर कुठल्या तपासणीला न्यायचं, तेही सांगितलंय. ते दुसरं रक्त घ्यायला ते निघणार होते. ज्या सकाळी गेले, त्याच सकाळी.

सोनीबाई, तेराव्यानंतर मी चढून आले तुझ्याकडे. रक्त काढायची पेटी घेऊन आले. तू मला पाणी दिलंस, बसायला दिलंस, हात मात्र दिला नाहीस. काय म्हणालीस? "तू बिस्कुट खाऊन येते. तो उपाशी यायचा. त्याला दिला हात, आता कोणाला नाय देणार." मी तुला समजावलं, ओरडले, शेवटी हातही जोडले. तू नाय म्हणजे नाय. मी पाडा उतरले ते भावजींशी भांडत उतरले. म्हटलं, तुम्ही गेलात तरी लोकांचे हात तुमच्याच नावावर! बाई बरी राहावी म्हणून एवढं केलंत, आणि आता ती तुमच्याच मायेपायी अडून बसली आहे, तिला काय सांगू मी?

वाटेत ते मोहाचं झाड लागलं. पिशवीत बिस्किटाचा पुडा होता. तिथे बसले आणि मला एकदम कळलं, सोनीबाई, की तू माझ्या सुईला नाही म्हणत नाहीस, या पुड्याला म्हणतेस.

आज सकाळी तू माझ्या दारात आलीस. एवढ्या लांबून आलीस म्हणून मी चहा पुढे केला. तू म्हणालीस, "डाक्तराला फूल घातल्याबिगर तोंडात काय नाय घालणार." फूल घातलंस. त्यानंतर इथे बसली आहेस, अजून काही खाल्लेलं नाहीस. मी बघतेय.

आणि मी रात्रीचं जेवल्यापासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. माझ्या मिस्टरांना विचारा, सकाळी त्यांनी पुडा फोडून समोर ठेवला होता. तो तसाच आहे. डोकं ठणकतंय ते त्याने. काजवेही दिसतायत, तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावर एक एक दिसतोय.

पेटी मागच्या खोलीत ठेवली आहे. मुंबईच्या मंडळींच्या गाडीत बर्फ आहे, मी फोन करून आणायला लावला. ते सांगतात, रक्त आज मिळालं तर काम थांबणार नाही. हात द्यायचा की नाही, ती तुझी मर्जी. नाही म्हणालीस तरी आपण दोघी एका ताटात जेवू आणि मी परत तोंड उघडणार नाही. पण एक सांगते. मी एकदाच टोचेन. हात निळा होणार नाही.

भावजी, फोटोत हसू नका. मला माहीत आहे, उद्या या बाईचं बरं झालं तर पाड्यावर म्हणणार, डाक्तरानं वाचवली. बिस्किटवालीचं नाव कुणी घेणार नाही. माझ्या पोटात दुखेल. दुखू दे. तुम्ही बरं करायला निघाला होतात, आणि मला तुमच्यामागून चालायची सवय झालेली आहे. पुढच्या रविवारीही मी उपाशीच निघेन. जमेल तेवढं जमेल.

चला, आता सगळ्यांनी उभे राहा. सासूबाई, तुम्ही बसूनच. थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही. त्यांना जो जसा आठवेल तसा आठवा, निळा हात आठवला तरी चालेल.

आणि हे झाल्यावर बाहेर चहा आहे, भाकरी आहे. पण सोनीबाई मागच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत कुणी कप तोंडाला लावू नका. पाहुणी उपाशी आहे.